व्हिनीची बाजू

विलो नाल्याजवळ, नेब्रास्का
ता. १४ ऑक्टोबर १८७८

प्रिय वन्सं,

तुमचे पत्र पोचले. देवाच्या कृपेने आम्ही तिघेही आपापल्या पायांवर उभे आहोत, आणि तुमचा संधिवात थंडीआधी उतरला असेल अशी आशा करते. इकडे आल्यापासून तुमचे हे दुसरेच पत्र, म्हणून ते दोनदा वाचले. एकदा मोठ्याने, अ‍ॅसा आणि व्हिनीसमोर, आणि एकदा मनात, कारण काही ओळी त्या दोघा भावंडांसमोर मोठ्याने वाचण्यासारख्या नव्हत्या. कागदाची बचत व्हावी म्हणून आडवे लिहून झाल्यावर त्याच्यावरच उभे लिहिणार आहे. वाचताना कागद फिरवून धरा.

आधी बातम्या. टोळ या साली आले नाहीत. मका झाला, पण कणसे आखूड भरली. गेल्या महिन्यातल्या वणव्याने नाल्यापलीकडचे गवत नेले. आमचे राहिले, कारण अ‍ॅसाने घराभोवती नांगराची दुहेरी पट्टी मारून ठेवली होती. लोणी देऊन मीठ, रॉकेल आणि सुया आणल्या. साखर आणली नाही, काकवीवर भागते. कॉफी म्हणून राय हे धान्य भाजून उकळतो. अ‍ॅसा म्हणतो, "हिच्या कॉफीनं झोप उडत नाही, आशा उडते."

आता तुमच्या मुद्द्यावर येते. तुम्ही विचारता, एका छपराखाली राहणाऱ्या भावाबहिणीचे जमिनीवर दोन दावे कसे. इकडे ती रीतच आहे. सरकार नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला जमीन देत नाही, अविवाहित बाईला देते. म्हणूनच अ‍ॅसाने व्हिनीला बरोबर आणले, हे तुम्ही स्टेशनवर त्याच्या तोंडावर सांगितलेच होते. दोघांचे तुकडे लागून आहेत. ज्याचा तुकडा त्याने त्यावर पाच वर्षे राहिले पाहिजे, ही अट. दोन घरे बांधायला लाकूड नाही आणि हातही नाहीत. मग नेमके हद्दीवर एकच घर उभे करायचे. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. आमच्या घराला दोन दारे आहेत, दोन खिडक्या, आणि भिंती गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांच्या. हद्द कळावी म्हणून अ‍ॅसाने जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी ताणून खिळ्यांनी ठोकली आहे. उत्तरेला व्हिनीची खाट, दक्षिणेला आमची. चूल आमच्या बाजूला, विहीर तिच्या. पहिल्या वर्षी याची फार गंमत वाटे. अ‍ॅसा जेवताना सुतळीवरून हात लांब करी, "शेजारीणबाई, जरा मीठ उसनं द्या." व्हिनी म्हणे, "आधी मागचं परत करा, मग बघू."

तुम्ही लिहिता, हिवाळ्यापुरते तरी तिला माझ्याकडे पाठव. वन्सं, येत्या जूनमध्ये पाच वर्षे पुरी होतात. तेव्हा तिने स्वतः कचेरीत उभे राहून शपथेवर सांगायचे आहे की मी इथेच राहिले. सहा महिन्यांच्या आत परतले तर दावा बुडत नाही, हे मला माहीत आहे, तुम्ही वकिलाला विचारायची तसदी घ्यायला नको होती. पण ती तुमच्या दुकानात त्या टोप्यांच्या फितींमध्ये जाऊन बसली की परत येणार नाही. तुम्हाला हे माहीत आहे, म्हणूनच तुम्ही बोलावता. तिचा तुकडा गेला की विहीर गेली. आमच्या तुकड्यावर अ‍ॅसाने ठिकठिकाणी खणून पाहिले, वाळू लागते, पाणी लागत नाही. पाण्याशिवायची जमीन आम्हाला मिळाली काय आणि न मिळाली काय.

शिवाय रिकाम्या खाटांचा वास काढत फिरणारी माणसे आहेत, कचेरीत कळवून तो तुकडा आपल्या नावावर करून घेणारी. बर्डेट टटल म्हणून एक आहे, खेचरावर बसून सगळीकडे हिंडतो. परवा पाणी प्यायला म्हणून थांबला आणि उत्तरेच्या खिडकीतून डोकावला. "धाकट्या बाई इकडंच झोपतात ना?" म्हणाला. मी म्हणाले, "नाही तर कुठं झोपतील, झाडावर? झाड दाखवा आधी." तो हसला. मला हसू आले नाही. तेव्हापासून व्हिनीला मी बजावून ठेवले आहे की अंधार पडला की आपल्या बाजूला असायचे, आपल्या वस्तू आपल्या बाजूला ठेवायच्या, कोण कधी येईल नेम नाही.

व्हिनी बरी आहे. पूर्वीपेक्षा कमी बोलते, पण या वाऱ्यात सगळेच कमी बोलतात. कानात कापूस घालून शिवत बसते. बोटाला सुई लागली आहे म्हणून तिने स्वतः लिहिले नाही.

रोज प्रार्थनेत तुमचे नाव घेते.

तुमची भावजय,
थर्झा


विलो नाल्याजवळ
ता. २ फेब्रुवारी १८७९

प्रिय वन्सं,

नाताळात पाठवलेली सुकी सफरचंदे मिळाली, देव तुमचे भले करो. वाटीभर भिजवून गोड पाव केला, उरलेली टांगून ठेवली आहेत. उत्तराला उशीर झाला. जानेवारीत मोठे वादळ झाले आणि टपाल अडले. आम्ही सुखरूप आहोत. एक गाय गेली. दुसरी आटली आहे, पण जिवंत आहे.

वादळाची हकीगत वर्तमानपत्रात वाचली असेलच. इकडे सकाळी आभाळ स्वच्छ होते, अ‍ॅसा नुसत्या सदऱ्यावर गोठ्यात काम करत होता. दुपारी उत्तरेकडून पांढरी भिंत चालत आली म्हणा ना. व्हिनी आणि अ‍ॅसा गोठ्यापर्यंत बांधलेल्या दोराला धरून गुरे आत घ्यायला गेले. ती दोघे परतली तोच दारावर धडका बसल्या. टटल होता, आणि त्याचे खेचर. अशा वेळी दार कोण लावून घेईल. दोन दिवस तो आमच्याकडे होता. जळणाला वळलेले गवत, त्याच्या जुड्या मी मोजून चुलीत घालत होते. संपल्या असत्या तर खाटा जाळाव्या लागल्या असत्या. प्रभूने निभावले.

व्हिनीला त्यात थोडी थंडी बाधली. काळजीचे कारण नाही. शेजारची नॉर्वेची गुनहिल्ड येऊन जाऊन असते, तिला औषधपाण्यातले कळते. तुम्ही विचारता, तिचे स्वतःचे अक्षर का दिसत नाही. ती लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही एवढेच. मीच लिहिते आहे तर तेच तिचे समजा. जेवते बऱ्यापैकी. मी ताट सुतळीपाशी ठेवते, ती घेऊन जाते.

तुमच्याकडे भावजींचे जुने मऊ जोडे पडून असतील तर पाठवाल का? पुरुषी मापाचेच पाठवा, लहान नकोत. आणि लोकरीचे मोजे, सैल विणीचे. इकडे मिळत नाहीत असे नाही, पण दुकानदाराकडे पुरुषी जोडे बाईसाठी मागितले की चौकशा होतात.

अ‍ॅसा तुम्हाला नमस्कार सांगतो. तो अलीकडे चेष्टा करत नाही. थंडीने सगळ्यांचीच तोंडे बंद झाली आहेत.

जूनला आता फारसे दिवस नाहीत. एवढे दिवस देवाने सगळे जिथल्या तिथे ठेवावे, यापलीकडे मी काही मागत नाही.

तुमची,
थर्झा

ता. क. जेवणाआधीची प्रार्थना हल्ली अ‍ॅसा म्हणतो. माझा घसा धरला आहे.


विलो नाल्याजवळ
ता. २४ मार्च १८७९

वन्सं,

हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा व्हिनी तुमच्यासमोर असेल. तिच्या कोटाच्या अस्तराला मी ते टाचले आहे. आमच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी, मिसेस हॉस्किन, माहेरी निघाल्या आहेत, त्या तिला तुमच्या स्टेशनपर्यंत आणतील. त्यांचे आभार माना, त्यांनी काही विचारले नाही.

आज रात्री तुम्ही तिचे मोजे काढाल. म्हणून त्याआधी हे वाचा.

तिच्या डाव्या पायाची तीन बोटे नाहीत, उजव्याची दोन. जखमा भरल्या आहेत. गुनहिल्डने कापली, नीट कापली. तिने कापली नसती तर पाय गेले असते. बाकी जे झाले ते माझ्या हातून झाले.

टटल वादळात आला ते मी लिहिले होते. तो आला तेव्हा व्हिनीचे मोजे आणि जोडे चुलीपाशी वाळत होते, गुरे आत घेताना घोट्यापर्यंत भिजले होते. ती अनवाणी आमच्या चुलीपाशी बसलेली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा माणूस आता पाहणार, ती आमच्या बाजूला राहते, तिच्या वस्तू आमच्या बाजूला असतात. उद्या कचेरीत जाऊन सांगणार. तो बर्फ झटकत होता तेवढ्यात मी मोजे उचलून एप्रनखाली घातले आणि जोडे खाटेखाली सरकवले. आणि म्हणाले, "व्हिनी, अंधार पडला. आपल्या बाजूला जा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी पुन्हा म्हणाले. ती उठून गेली.

परका पुरुष घरात, म्हणून मी मधे गोधडी टांगली. ते रीतीला धरूनच होते, कोणीही हेच म्हणेल. पण गोधडीने चुलीची ऊब आमच्या बाजूला राहिली. तुम्हाला वाटेल टटलच्या धाकाने केले. तसेही म्हणता येत नाही. तो स्वतःच म्हणाला होता, "बाई, त्यांना इकडं बोलवा की. मी भिंतीकडं तोंड करून झोपतो. अशा हवेत कायदा कोण बघतो?" अ‍ॅसा माझ्याकडे पाहू लागला. मला वाटले, हा गळ आहे. मी म्हणाले, "ती रोज तिथंच झोपते. तिला सवय आहे."

टटल म्हणाला, "सवय असेल, पण थंडीला ते ठाऊक नाही."

मी ऐकले नाही. रात्रभर मी चुलीत जुड्या घालत बसले, आणि तिचे मोजे माझ्या मांडीवर होते, एप्रनखाली, वाळून कोमट झालेले. मला ते कळत होते. मी उठून गोधडीपलीकडे जाऊन ते देऊ शकले असते, पाच पावलांचे काम. पण टटल जागा होता आणि मी ते कुठून काढते हे त्याने पाहिले असते. सकाळी देईन, असे मनाशी म्हणत राहिले. सकाळी गोधडी वर केली तेव्हा उत्तरेच्या खिडकीतून बर्फाची भुकटी येऊन तिच्या पांघरुणावर बसलेली होती. ती जागी होती. तिने हाक मारली नव्हती. मी तिला आपल्या बाजूला राहायला सांगितले होते ना, मग ती राहिली.

एवढे लिहायला मला फेब्रुवारीत जमले नाही. जोडे मात्र मागितले. तुम्ही पाठवलेले जोडे तिच्या पायात आहेत, पुढे लोकर भरली आहे.

त्यानंतर ती बोलली नाही, आणि सुतळी ओलांडली नाही. चुलीपाशी ये म्हटले तरी नाही. अ‍ॅसाने उचलून आणले की बसते, आणि नजर चुकली की रांगत परत जाते. मी सुतळी उपटून टाकली. खिळ्यांची भोके राहिली, ती तिथेच थांबते. एकदा गुनहिल्ड आली, मी ताट हद्दीवर ठेवते ते तिने पाहिले. म्हणाली, "थर्झा, आमच्याकडं कुत्रं असं जेवतं. आणि तेसुद्धा बोलावलं की आत येतं."

मी म्हणाले, "मी बोलावते गं. ती येत नाही."

"आता बोलावतेस," ती म्हणाली, आणि ताट उचलून पलीकडे जाऊन व्हिनीशेजारी जमिनीवर बसून तिला भरवू लागली. मी तशीच उभी राहिले.

इतके होऊनही मी तिला पाठवले नाही, वन्सं. तुमची दोन पत्रे आली तरी पाठवले नाही. मनात हिशेब हाच होता, की नुकसान झालेच आहे, आता जून हातचा गेला तर ते फुकट होईल. या हिशेबात मला चूक दिसत नव्हती.

मागच्या आठवड्यात अ‍ॅसाने ठरवले की शपथेची उजळणी करून घ्यावी. कचेरीतले साहेब काय काय विचारतात ते आम्हाला साक्षीदारांकडून कळलेले होते. तो खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसला, टोपी काढली, साहेबासारखा घसा खाकरला. तिला हसवायचाही त्याचा विचार असावा. "मिस लव्हिनिया, या जमिनीवर घर आहे का?" तिने मान डोलावली. अ‍ॅसाला धीर आला. "किती दारं, किती खिडक्या?" तिने एक बोट दाखवले, मग परत एक. "छान. तुम्ही रात्री कुठं झोपता?"

आणि वादळानंतर पहिल्यांदा ती बोलली. आवाज अगदी साधा होता, रोजच्यासारखा. म्हणाली, "थर्झा सांगेल तिथं."

अ‍ॅसाने एकदम माझ्याकडे पाहिले. मग तिच्याकडे वळून हळू म्हणाला, "असं नाही म्हणायचं, व्हिनी. म्हणायचं, माझ्या घरात."

"थर्झाला विचारा," ती म्हणाली.

मी पिठात हात घालून उभी होते. मला वाटले होते की ती माझ्यावर रागावली आहे, तो राग मी सोसते आहे, आणि जूननंतर तिची क्षमा मागेन. पण राग नव्हताच तिथे, वन्सं. राग असता तर बरे झाले असते. हात न धुताच मी म्हणाले, "अ‍ॅसा, ती जाते आहे."

"कुठं?"

"तुझ्या बहिणीकडं, केझायाकडं."

त्याने टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "जून येतोय, थर्झा."

"येऊ दे."

"आणि विहीर?"

"विहीर जाईल."

"जाईल म्हणजे? पुढं तू काय पिणार? गुरं काय पिणार? पाच वर्षं आपण इथं काय केलं मग?" त्याने खुर्चीला लाथ मारली नाही, तो तसा नाही हे तुम्हाला माहीत आहे. खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि बाहेर गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गाडीच्या चाकांना वंगण घातलेले दिसले, आणि गाडीत गवत अंथरून त्यावर आमच्या खाटेची गादी.

आम्ही निघायच्या तयारीत असताना टटल आला. गाडीकडे पाहिले, गादीकडे पाहिले. मला वाटले आता विचारेल. त्याने डबी काढली. "हंसाची चरबी आहे. पायांना चोळा." मग विहिरीकडे बघत म्हणाला, "बाई, खोटं नाही बोलत. सहा महिन्यांत त्या परतल्या नाहीत की मी दावा टाकणार. मी नाही टाकला तर दुसरा टाकेल." मी म्हणाले, "माहीत आहे." तो म्हणाला, "पाण्याला नाही म्हणणार नाही." मी त्यावरही "माहीत आहे" म्हणाले, पण मला माहीत नव्हते. अजूनही नाही. पुढे परक्याच्या विहिरीवर बादली घेऊन जायचे आहे, एवढे कळते. अ‍ॅसा सुतळीच्या जागी ढेकळांची भिंत घालणार आहे. अर्ध्या घरात आम्ही किती दिवस राहू, सांगता येत नाही. पाणी लागले तर राहू.

तुम्ही स्टेशनवर म्हणाला होतात, "माझी बहीण तुमच्या जमिनीचा खुंटा म्हणून नेताय." तेव्हा मी चार लोकांत तुमच्याशी भांडले होते. भांडण मी मागे घेते.

मी प्रार्थनेला बसते, पण क्षमा मागायच्या जागी आले की थांबते. ती देवाने द्यायची की व्हिनीने, हे मला कळत नाही, आणि व्हिनीला विचारले तर ती म्हणेल, थर्झाला विचारा.

आता कामाचे. रोज संध्याकाळी पाय कोमट पाण्यात धरा, फार गरम नको, तिला कळत नाही. चालताना उजवीकडे झुकते, त्या बाजूने आधार द्या. खायला काय हवे, दुकानात बसायचे की घरात, खिडकी उघडी की लावलेली, कोणत्या खोलीत झोपायचे, हे तुम्ही ठरवू नका. तुमच्या मायेपोटीसुद्धा ठरवू नका. तिला विचारा. ती माझे नाव घेईल. तेव्हा सांगा की थर्झा इथे नाही, आणि पुन्हा विचारा. उत्तराला वेळ लागेल, वन्सं. तेवढा वेळ थांबा.

मला उत्तर लिहायचे की नाही ते मी तुमच्यावर सोडते. लिहिले नाहीत तरी समजेन. तिने कधी स्वतःहून काही मागितले, काहीही, तर ते मात्र एका ओळीत अ‍ॅसाला कळवा.

तुमची भावजय म्हणवून घ्यायची आज हिंमत होत नाही, म्हणून नुसतीच,

थर्झा